दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन वर्ग: तयारी कशी करावी आणि कोणत्या क्रमानं

हा लेख विद्यापीठात ऑनलाइन शिकवणाऱ्या प्राध्यापकांसाठी आहे. इच्छा सगळ्यांची असते, पण क्रम चुकतो. आधी नोट्स, व्हिडिओ, प्रश्नपत्रिका असं सगळं तयार होतं. मग वर्गात एक अंध किंवा कर्णबधिर विद्यार्थी असल्याचं कळतं आणि झालेल्या कामाला ठिगळं लावणं सुरू होतं. त्यात दुप्पट वेळ जातो आणि तोवर त्या विद्यार्थ्याचे तीन-चार आठवडे वाया गेलेले असतात. परीक्षेची सोय तर बहुतेकदा आदल्या दिवशी आठवते.

म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानंच करा. सत्र सुरू व्हायच्या निदान चार आठवडे आधी पहिला टप्पा हातात घ्या.

## टप्पा 1: आधी विद्यार्थ्याला विचारा

"तुला काय अपंगत्व आहे?" हा प्रश्न उपयोगाचा नाही. त्याच्या उत्तरातून तुम्हाला काय करायचं ते कळत नाही, आणि वैद्यकीय माहिती देणं विद्यार्थ्याला नको असू शकतं. विचारायचं ते कामाबद्दल. हे चार प्रश्न पुरतात:

1. तू वाचतोस कसा? (स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणारं सॉफ्टवेअर, मोठी अक्षरं, ब्रेल डिस्प्ले म्हणजे तोच मजकूर बोटांना ब्रेलमध्ये देणारं यंत्र, कुणाकडून वाचून घेणं)
2. तू लिहितोस कसा? (कीबोर्ड, बोलून टायपिंग, लेखनिक)
3. चालू वर्गात ऐकणं, बोलणं, प्रश्न विचारणं यातलं काय अवघड जातं?
4. आधीच्या परीक्षांमध्ये कोणत्या सोयी मिळाल्या आणि त्यातली कोणती खरंच कामी आली?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात मोलाचं असतं. एका विद्यार्थिनीला आधीच्या परीक्षांत जादा वेळ मिळत होता, पण तिची अडचण वेळेची नव्हतीच. सलग दीड तास बसलं की तिची पाठ भरून यायची. तिला मध्ये दहा मिनिटांची विश्रांती हवी होती आणि ते तिला कुणी विचारलंच नव्हतं.

गृहीत धरू नका. प्रत्येक अंध विद्यार्थी ब्रेल वाचतोच असं नाही. प्रत्येक कर्णबधिर विद्यार्थ्याला सांकेतिक भाषा येतेच असंही नाही, आणि ज्यांची ती पहिली भाषा आहे त्यांच्यासाठी लिखित मजकूर ही दुसरी भाषा असते. ज्यांची अडचण दिसत नाही असे विद्यार्थी बरेच असतात: वाचनअक्षमता असलेले, लक्ष टिकवणं अवघड जाणारे, दीर्घ आजाराचे, अपस्माराचे. ते स्वतःहून पुढे येतीलच असं नाही. म्हणून हे प्रश्न वर्गातल्या प्रत्येकाला पाठवा आणि उत्तर फक्त तुमच्याकडे येईल अशी सोय ठेवा.

सावधान: वर्गाच्या ग्रुपवर "दिव्यांग विद्यार्थ्यांनी हात वर करावा" असं कधीही लिहू नका.

तपासा: प्रत्येकाच्या गरजा एका पानावर लिहून झाल्या का? पुढच्या प्रत्येक टप्प्याला हे पान समोर लागणार आहे.

## टप्पा 2: मूळ फाइल नीट करा

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, म्हणून इथं जरा थांबू.

शीर्षकं. मजकूर ठळक केला, अक्षर मोठं केलं, मध्ये घेतलं. डोळ्यांना ते शीर्षक दिसतं. स्क्रीन रीडरला मात्र तो साधा परिच्छेदच वाटतो. वर्डमध्ये ओळीवर जाऊन कंट्रोल-ऑल्ट-1 दाबलं की ती पहिल्या पातळीचं शीर्षक होते. 2 आणि 3 नं उपशीर्षकं होतात. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर वापरणारा विद्यार्थी वाचन मोडमध्ये एच दाबत एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उड्या मारतो, किंवा इन्सर्ट आणि एफ7 दाबून शीर्षकांची यादी उघडतो. हे त्याचं पान चाळणं आहे.

माझ्या पहिल्या वर्षीच्या नोट्समध्ये एकही खरं शीर्षक नव्हतं. चाळीस पानं होती. त्यातल्या सत्ताविसाव्या पानावरची व्याख्या शोधायला एका विद्यार्थ्याला दर वेळी खाली खाली बाण दाबत जावं लागत होतं. त्यानं तक्रार केली नाही. मी त्याला फाइल माझ्यासमोर उघडायला सांगितली तेव्हा मला ते कळलं.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी संगणकाची प्रमाण पद्धत. मराठी नोट्सचं निम्मं दुखणं इथंच आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसतो, पण फाइलच्या आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. कृतिदेव या अशाच एका फॉन्टमध्ये लिहिलेला "अध्याय" हा शब्द स्क्रीन रीडरकडून एकेक अक्षर वाचून घेतला तर ऐकू येतं: व्ही, स्लॅश, सेमिकोलन, के, सेमिकोलन. पूर्ण पानभर हेच. तपासायची पद्धत सोपी आहे. मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. देवनागरी राहिली तर युनिकोड आहे. रोमन अक्षरं आली तर फॉन्ट कन्व्हर्टरनं बदलून घ्या आणि बदललेला मजकूर एकदा वाचा, कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात.

युनिकोड असूनही मजकुराची भाषा "मराठी" म्हणून नेमलेली हवी. नाहीतर स्क्रीन रीडरला कोणता आवाज वापरायचा ते कळत नाही. वर्डमध्ये सगळा मजकूर निवडून प्रूफिंगची भाषा मराठी करा. मधला एखादा उतारा इंग्रजीत असेल तर तेवढा इंग्रजी म्हणून नेमा.

चित्रं आणि आलेख. प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राच्या जागी स्क्रीन रीडर वाचेल असं वर्णन, लिहा. "आलेख" एवढंच लिहिणं म्हणजे न लिहिण्यासारखंच. आलेखातून तुम्हाला काय दाखवायचं आहे ते लिहा: "तापमान वाढतं तसा अभिक्रियेचा वेग आधी वाढतो, मग एका बिंदूनंतर झपाट्यानं घसरतो." आकडे महत्त्वाचे असतील तर खाली तक्ता द्या. निव्वळ सजावटीच्या चित्राला "सजावटी" अशी खूण करा, म्हणजे स्क्रीन रीडर ते ओलांडून जातो.

तक्ते. पहिली ओळ "हेडर रो" म्हणून नेमा. घरं एकत्र जोडू नका. मजकूर मांडण्यासाठी तक्ता वापरू नका.

रंग. साध्या अक्षरांचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट निदान 4.5 ला 1 हवा, मोठ्या अक्षरांचा 3 ला 1. हा वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांतला आकडा आहे आणि तो मोजणारी मोफत साधनं मिळतात. "लाल रंगातले मुद्दे महत्त्वाचे" असं फक्त रंगानं सांगू नका, सोबत शब्द किंवा खूण द्या.

समीकरणं. समीकरणाचा फोटो टाकला की ते स्क्रीन रीडरसाठी संपलं. वर्डच्या समीकरण संपादकात लिहा, किंवा मॅथएमएल (वेबपानावर समीकरणं लिहायची पद्धत) असलेलं वेबपान द्या. लाटेक्स (समीकरणं साध्या अक्षरांतल्या आज्ञांनी लिहायची प्रणाली) वापरत असाल तर मूळ लाटेक्स फाइलही द्या, ती थेट वाचणारे अंध विद्यार्थी आहेत.

स्लाइड. पॉवरपॉइंटमध्ये तयार लेआउटमधल्या चौकटीतच मजकूर भरा. स्वतः काढलेले मजकुराचे डबे भलत्या क्रमानं वाचले जातात. तो क्रम "रीडिंग ऑर्डर" मध्ये तपासता येतो.

तपासा: वर्ड आणि पॉवरपॉइंटमध्ये "रिव्ह्यू" खाली "चेक अ‍ॅक्सेसिबिलिटी" आहे. ते चालवा. पण त्यावर विसंबू नका. पर्यायी मजकूर आहे की नाही एवढं ते सांगेल, तो निरर्थक आहे हे सांगणार नाही.

## टप्पा 3: मगच पीडीएफ, आणि एकट्या पीडीएफवर थांबू नका

मूळ फाइल नीट झाल्यावरच पीडीएफ करा. "प्रिंट टू पीडीएफ" वापरू नका, त्यात शीर्षकं आणि पर्यायी मजकूर गळून पडतो. "सेव्ह अ‍ॅज" मधून पीडीएफ निवडा आणि पर्यायांमध्ये डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्जची खूण आहे ना ते पाहा.

स्कॅन केलेलं प्रकरण म्हणजे पानांचे फोटो. फाइल उघडून एखादा शब्द निवडायचा प्रयत्न करा. शब्दाऐवजी अख्खं पान निवडलं गेलं, किंवा काहीच निवडलं गेलं नाही, तर ते स्क्रीन रीडरसाठी कोरं पान आहे. ओसीआर (फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं) करून, तपासून मगच द्या. ओसीआर केलेलं न वाचता पाठवणं धोक्याचं आहे. "नाही" मधला "ना" गळला की वाक्याचा अर्थ उलटा होतो, आणि विद्यार्थ्याकडे पडताळायला दुसरी प्रत नसते.

देवनागरीचा आणखी एक त्रास: युनिकोड फाइलमधून केलेल्या पीडीएफमध्येही वेलांट्या आणि जोडाक्षरं पुष्कळदा आतून विस्कटतात. दिसायला सगळं ठीक असतं. म्हणून पीडीएफमधून दोन ओळी कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. काहीही दिसलं तरी पीडीएफसोबत वर्ड किंवा ईपब (ई-पुस्तकाची) फाइल द्याच. अक्षरं मोठी करणं, ओळींमधलं अंतर वाढवणं, रंग बदलणं हे पीडीएफमध्ये धड होत नाही, आणि वाचनअक्षमता व अल्पदृष्टी असलेल्या विद्यार्थ्यांना नेमकं तेच लागतं.

पाठ्यपुस्तक फक्त छापील असेल तर ग्रंथालयाशी आत्ताच बोला. ज्यांना छापील मजकूर वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुस्तकाची वाचण्याजोगी प्रत करता यावी म्हणून 2013 चा मराकेश करार आहे. तो मानणाऱ्या देशांच्या कायद्यात तशी मुभा ठेवावी लागते. पण पुस्तक स्कॅन करून, तपासून हातात यायला आठवडे लागतात.

## टप्पा 4: व्हिडिओ

व्याख्यान दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत रेकॉर्ड करा. कॅप्शन तपासायला सोपं जातं आणि लक्ष टिकवणं अवघड जाणाऱ्यांनाही बरं पडतं.

1. बोलायच्या मजकुराचे मुद्दे आधी लिहून ठेवा. तेच पुढं लिखित प्रतीचा पाया होतात.
2. बोलताना पडद्यावरचं शब्दांत सांगा. "हे इथं बघा, हे असं वर गेलं" हे अंध विद्यार्थ्यापर्यंत पोचत नाही. "डावीकडच्या स्तंभातला दुसरा आकडा पहिल्याच्या दुप्पट आहे" हे पोचतं. असं बोललात तर नंतर वेगळं ध्वनिवर्णन, म्हणजे दृश्य सांगणारा आवाज, जोडावं लागत नाही.
3. रेकॉर्ड झाल्यावर स्वयंचलित कॅप्शन काढा आणि दुरुस्त करा. संज्ञा, नावं, आकडे आणि नकार आधी तपासा, यंत्र तिथंच चुकतं.
4. कॅप्शन एका वेळी दोनच ओळींचं ठेवा.
5. पूर्ण लिखित प्रत वेगळी द्या. ज्याला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही असा विद्यार्थी ब्रेल डिस्प्लेवर ती प्रत वाचतो. पळत्या कॅप्शनचा त्याला उपयोग नसतो.

सावधान: सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारी दृश्यं वापरू नका. त्यानं अपस्माराचा झटका येऊ शकतो.

तपासा: आवाज बंद करून व्हिडिओ पाहा. मग डोळे मिटून ऐका. दोन्ही वेळा धडा समजला का?

## टप्पा 5: चालू वर्ग

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: तुम्ही शेअर केलेला पडदा स्क्रीन रीडर वाचू शकत नाही. पलीकडे ते फक्त चालतं चित्र असतं. म्हणून स्लाइड आदल्या दिवशी पाठवा. वर्ग सुरू असताना विद्यार्थी स्वतःच्या यंत्रावर तीच फाइल उघडून बसतो. तुम्ही मात्र "स्लाइड सात" असं म्हणायला हवं, नाहीतर तो सातवर आहे की नववर हे त्याला कसं कळणार?

अंध विद्यार्थ्याच्या कानात त्या वेळी दोन आवाज असतात, तुमचा आणि स्क्रीन रीडरचा. त्यात चॅटमध्ये तीस जणांनी "गुड मॉर्निंग सर" लिहिलं की तेही बहुतेकदा तुमच्या बोलण्यावर चढून वाचलं जातं. चॅट प्रश्नांपुरताच ठेवा आणि आलेला प्रश्न मोठ्यानं वाचून मग उत्तर द्या.

कर्णबधिर विद्यार्थ्याचं वेगळं. त्याला एका वेळी एकाच ठिकाणी बघता येतं. स्लाइड वाचायची की दुभाष्याचे हात बघायचे? नवी स्लाइड आली की काही सेकंद गप्प राहा, त्याला वाचू द्या, मग बोला. आपल्याला ती शांतता खूप लांब वाटते, पण ती ठेवायलाच हवी.

- सांकेतिक भाषेचे दुभाषी तासाभराच्या वर्गाला दोन लागतात. ते साधारण वीस मिनिटांनी आलटून पालटून काम करतात. नवीन संज्ञांची यादी त्यांना दोन दिवस आधी द्या.
- झूममध्ये दुभाष्याला स्पॉटलाइट करा, म्हणजे तो सगळ्यांना दिसतो. पिन केलेली चौकट ज्यानं पिन केली त्यालाच दिसते.
- एका वेळी एकानंच बोलायचं, आणि बोलण्याआधी नाव सांगायचं. हे पहिल्या दिवशी सांगा आणि पाळून घ्या.
- ओठ वाचणारा विद्यार्थी असेल तर तुमच्या चेहऱ्यावर उजेड हवा. खिडकी पाठीशी घेऊन बसू नका.
- कॅमेरा चालू ठेवायची सक्ती नको. झटके, वेदना, नळ्या, औषधं हे सगळं वर्गाला दाखवायची वेळ कुणावर येऊ नये.
- दर तासाला पाच-दहा मिनिटांची विश्रांती द्या. सतत ऐकण्याचा, सतत ओठ वाचण्याचा थकवा खरा असतो.

## टप्पा 6: अभ्यासक्रमाचं पान माउसशिवाय चालवून बघा

माउस बाजूला काढून ठेवा. टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर, स्पेस आणि बाणांच्या कळा एवढ्यावर ही चार कामं करा: लॉगिन, या आठवड्याची फाइल उघडणं, चर्चेत एक उत्तर लिहिणं, गृहपाठ जमा करणं. कुठं अडकलात, कुठं कर्सर दिसेनासा झाला, ते लिहून तांत्रिक विभागाला पाठवा. लॉगिनला चित्रं ओळखायचं कोडं असेल तर ते बदलायला सांगा.

लिंकचं नाव "इथं क्लिक करा" ठेवू नका. लिंकची यादी ऐकणाऱ्याला दहा वेळा "इथं क्लिक करा" ऐकू येतं. "आठवडा 3: वाचन साहित्य, वर्ड फाइल" असं लिहा. आणि सगळ्या आठवड्यांची मांडणी सारखी ठेवा.

## टप्पा 7: परीक्षा

जादा वेळ दिला, तरी विद्यार्थ्याचा पेपर मध्येच बंद पडला, ही तक्रार मी वारंवार ऐकतो. कारण बहुतेकदा एकच असतं. परीक्षेला दोन वेळा असतात: सोडवण्याची मुदत आणि परीक्षा बंद होण्याची वेळ. समजा, पेपर साठ मिनिटांचा आहे, अकराला उघडतो आणि बाराला बंद होतो. विद्यार्थ्याला वीस मिनिटं जादा मंजूर आहेत. तुम्ही मुदत ऐंशी मिनिटं केलीत, पण बंद होण्याची वेळ बाराच राहिली. बाराला पेपर आपोआप जमा झाला. मूडल या ऑनलाइन अभ्यासक्रम चालवणाऱ्या प्रणालीत "युझर ओव्हरराइड" मधून त्या विद्यार्थ्यासाठी दोन्ही बदलाव्या लागतात: मुदत ऐंशी मिनिटं आणि बंद होण्याची वेळ बारा वीस किंवा त्यानंतरची. त्याच दिवशी दुसरा पेपर असेल तर त्याची सुरुवात आधीच्या वाढीव वेळेला छेदत नाही ना, तेही पाहा.

क्रम असा ठेवा:

1. पहिल्या टप्प्यातलं पान काढा, मंजूर सोयी त्यावर ताडून घ्या.
2. प्रश्न तपासा. चित्रावर खूण करा, ओढून जोड्या लावा असे प्रश्न असतील तर तेच ज्ञान तपासणारा लिखित पर्याय द्या.
3. ब्राउझर कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर असेल तर ते स्क्रीन रीडर, भिंग किंवा बोलून टायपिंग अडवतं का ते पाहा. अडवत असेल तर त्या विद्यार्थ्यासाठी दुसरी व्यवस्था आत्ताच लावा.
4. कॅमेऱ्यातून नजर ठेवणारी प्रणाली असेल तर लेखी सूट घ्या. ज्याची बुबुळं आपोआप हलतात, जो पडदा नाकाजवळ नेऊन वाचतो, ज्याच्या मानेला झटके येतात, त्याच्यावर ती संशयाची खूण करू शकते.
5. लेखनिक असेल तर विद्यार्थी आणि लेखनिक यांचा वेगळा कॉल ठेवा आणि दोघांना आधी एकदा एकत्र सराव करू द्या.
6. नेमक्या त्याच सेटिंग्जवर, दोन-तीन खोट्या प्रश्नांची रंगीत तालीम घ्या. निदान आठवडाभर आधी.

सावधान: परीक्षा चालू असताना काही बिघडलं तर विद्यार्थ्यानं कुणाला फोन करायचा ते आधी लिहून द्या. बिघाडात गेलेली मिनिटं जादा वेळेतून कापायची नाहीत.

## टप्पा 8: सत्राच्या तोंडावर आणि सत्र चालू असताना

सत्राच्या आदल्या आठवड्यात विद्यार्थ्यासोबत अर्धा तास बसा. त्यानं पडदा आणि स्क्रीन रीडरचा आवाज शेअर करावा आणि तुमची पहिल्या आठवड्याची सामग्री उघडून दाखवावी. तुम्ही फक्त ऐका, मदत करू नका. कुठं "ग्राफिक, ग्राफिक" ऐकू येतं, कुठं तो दोनदा मागे जातो, ते टिपून ठेवा.

तिसऱ्या आठवड्यात पुन्हा विचारा, आणि "सगळं ठीक ना?" असं विचारू नका, कारण त्याला "हो सर" हेच उत्तर येतं. "या आठवड्यात कोणत्या गोष्टीला सगळ्यात जास्त वेळ गेला?" असं विचारा.

जे सापडेल ते त्याच आठवड्यात दुरुस्त करा. दुरुस्त केलेली फाइल जुन्या नावानं, जुन्या जागीच ठेवा, म्हणजे दिलेल्या लिंक तुटत नाहीत. काय बदललं ते एका ओळीत विद्यार्थ्याला कळवा, कारण नव्या प्रतीतला फरक शोधायला त्याला सगळी फाइल पहिल्यापासून ऐकावी लागते.